फाटकाखालचा दगड

डिलिया रूएननं मला जो दगड शोधायला सांगितला, तो माझ्याच गोठ्याच्या फाटकाखाली होता. चौतीस वर्षं होता. आणि तिथं तो मीच बसवला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं ऐकताना माझ्याबद्दल उगाच बरं मत करून घ्यायला नको.

मी ऑस्टिन मनेली. वय एकोणसत्तर, लग्न राहून गेलं ते गेलंच, बारा गाई, एक म्हातारा कुत्रा. आयर्लंडच्या मेयोमध्ये, नेफिन डोंगराच्या अलीकडे आमची जमीन, तीत गवतापेक्षा लव्हाळंच जास्त. गल्लीच्या पलीकडे डिलियाचं घर. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझा गोठा दिसतो आणि माझ्या गोठ्यातून तिची खिडकी. तिचे दोन्ही मुलगे मँचेस्टरला. नवरा थेडी गेल्यापासून दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जातो. उकडलेले बटाटे, कोबी, खारवलेलं डुकराचं मांस आणि वर तिची बडबड. बत्तीस वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लंय मी. आता बघा माझी लायकी.

घरामागच्या कुरणात एक गोल टेकाड आहे. भोवती जुना मातीचा बांध, मधे एकच काटेरी झाड. आम्ही त्याला लिशीन म्हणतो. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेलेली पोरं तिथं पुरायचे. चर्चच्या आवारात त्यांना जागा नव्हती. बाप एकटाच यायचा, दिवस कलताना, काखेत खोकं घेऊन. आईनं यायचं नाही. शेजाऱ्यांनी बघून न बघितल्यासारखं करायचं. पोराच्या डोक्याशी एक दगड ठेवायचा, त्यावर ना नाव ना तारीख, आणि घरी जाऊन गुरांचं बघायचं.

माझे वडील गवत कापताना त्या टेकाडाला वळसा घालून जायचे. "तिथं यंत्र न्यायचं नाही," एवढंच म्हणायचे. का, ते सांगायचे नाहीत. मला माहीत होतं, म्हणून मीही विचारायचो नाही. ते गेले आणि वर्षाच्या आत मी जेसीबी आणला.

खणलं नाही हं मी. हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटलंय की आता तोंडात आपोआप येतं. खणलं नाही, नुसते दगड उचलले. पस्तिशीचा होतो, अंगात मस्ती होती, आणि वळसा घालायचा कंटाळा यायचा. बस्स, एवढंच कारण. नड होती असं नाही, कुणी भरीला घातलं असंही नाही. वळसा नको होता मला. एका दुपारी सगळे दगड गोळा केले आणि गुरांच्या कोंडवाड्याची भिंत बांधली. त्यांत एक जात्याची वरची तळी निघाली. गोल, मधे भोक, एका कडेचा टवका उडालेला. ती हाती लागली तेव्हा मी खूश झालो. शीळ घातली, खोटं कशाला बोलू. फाटकासाठी असाच दगड मी महिनाभर शोधत होतो. जमिनीत सपाट बसवला, फाटकाच्या खांबाचा लोखंडी खुंट त्या भोकात सोडला, आणि फाटक काय झकास फिरायला लागलं!

दोन वर्षांनी थेडी गेला. त्याला पुरून चार दिवस झाले असतील नसतील, डिलिया काळा कोट घालून माझ्या फाटकाशी आली. मी वासरांची बादली घेऊन उभा.

"ऑस्टिन, लिशीनमधले दगड कुठं गेले रे?"

"का गं? आज एकदम?"

"थेडीनं जाता जाता सांगितलं. तेहतीस वर्षं तोंड शिवून बसला होता माणूस. मी विचारलं की उठून गाईंकडे जायचा. आणि शेवटच्या दिवशी म्हणतो, आईच्या जात्याची वरची तळी ठेवलीय पोरीच्या डोक्याशी, बघशील तर ओळखशील. आत्ता जाऊन आले. तिथं गवताशिवाय काही नाही."

तिचा हात फाटकावर होता. तिच्या बुटापासून वीतभर अंतरावर ती तळी होती, शेणाच्या थराखाली. बादली हातातच राहिली, खाली ठेवायचंही सुचेना.

"रुतले असतील," मी म्हणालो. "जमीन भुसभुशीत आहे तिथली. दगड खाली जातात."

"सगळे?"

"जातात, डिलिया."

तिनं वळून टेकाडाकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. म्हणजे तिच्याजवळच गेला असेल." आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी सफरचंदाचा केक घेऊन आली, मी तिच्याशी चांगलं बोललो म्हणून.

त्याच दिवशी दगड काढून परत नेता आला असता. उद्या नेऊ म्हटलं. मग गवताचा हंगाम आला, मग गाई व्यायल्या, मग इतकी वर्षं झाली की आता कशाला, असं वाटायला लागलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवतो. पण एक सांगतो, त्या दिवसानंतर फाटक उघडताना मी खाली बघितलं नाही. एकदाही नाही.

आणि ते फाटक रडायचं. लोखंड दगडात फिरायचं ना, बारीक, लांब आवाज यायचा. पहाटे सहाला मी गाई सोडायला जायचो तेव्हा पहिल्यांदा, मग दिवसभर.

"तुझं फाटक काय रडतं रे मेल्या!" डिलिया रविवारी ताटात बटाटे टाकता टाकता म्हणायची. "तान्हं पोर रडावं तसं. तेल घाल की त्याला. बारा गाईंचा मालक आणि थेंबभर तेल सुटत नाही हातातून."

"घालतो, घालतो."

"घालतो म्हणे! गेल्या ईस्टरलाही घालतोच म्हणाला होतास. मला बाई जाग येते. पोर रडलं की उठायचं, ही सवय जात नाही."

या वसंतात ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, दोन काठ्यांवर घरी आली. म्हटलं झोप तरी लागू दे म्हातारीला. अर्धा डबा ग्रीस ओतलं त्या भोकात. आवाज पार बंद नाही झाला, पण दबला.

ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या वारसा खात्यातली एक मुलगी आली. सोरखा तिचं नाव. नाकात चमकी, कोरे करकरीत बूट, आणि बोलायला गोड. जुन्या नकाशांवरनं जिल्ह्यातले सगळे लिशीन नोंदवायचे होते त्यांना. इकडे फादरनीही रविवारी येऊन प्रार्थना म्हणायची ठरवली होती. इतक्या वर्षांनी चर्चला त्या पोरांची आठवण झाली, म्हणून गावात सगळ्यांनाच बरं वाटत होतं. एक मी सोडून.

सोरखा माझ्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसली. डिलियाही आली होती, काठ्या टेकत, केस विंचरून, चर्चला जायचा कोट घालून.

"टेकाड तर बरोबर सापडलं," सोरखा म्हणाली, "पण दगड एकही दिसत नाही. बाकी ठिकाणी निदान दहा-वीस तरी असतात."

मी तोंड उघडायच्या आत डिलियाच बोलली. "रुतलेत ते. जमीन भुसभुशीत आहे तिथली. ऑस्टिनला विचारा, त्याला सगळं माहीत आहे."

माझंच खोटं, शब्दही माझेच, आणि सांगत होती ती. मी चहा ओतत होतो, तो बशीत सांडला.

"भुसभुशीत?" सोरखा म्हणाली. "मला तर हातभर खाली खडकच लागला. असो. दगड असतील तर वरच असतील मग, गवताखाली. लोखंडी सळईनं टोचून बघू शनिवारी."

"बघाच टोचून," डिलिया म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ऑस्टिन, तू त्या जमिनीत वाढलास. रविवारी फादर यायच्या आत मला माझा दगड दाखव बाबा. अठ्ठ्याऐंशी झाली मला, पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं! पासष्ट वर्षं खिडकीतनं नुसतं टेकाड बघतेय. ती त्यात कुठं आहे, तेवढं कळू दे. मग माझं काही मागणं नाही."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. दोघीच होत्या समोर. मी काय केलं? "साखर किती?" असं विचारलं. त्या बाईच्या चहात किती साखर लागते हे मला बत्तीस वर्षं माहीत होतं.

शुक्रवारी ती पेन्शन आणायला गावच्या बसनं जाते, दहा ते एक. बस वळणापलीकडे गेली आणि मी फाटक खांबासकट उचलून भिंतीला टेकवलं. तळी पहारीनं सोडवली. नळाखाली धरून घासली, शेण काढलं, चिखल काढला, गंज निघेल तेवढा काढला. ढकलगाडीत घालून लिशीनमध्ये नेली. आणि तिथं जाऊन उभा राहिलो तो राहिलोच.

कुठं ठेवायची? आठवेना. जेसीबीवर बसून शीळ घालणाऱ्याला कुठनं आठवणार! झाडाच्या उजवीकडे? बांधाजवळ? तीन दगड एका ओळीत होते, हे अंधुक आठवत होतं, पण कुठल्या बाजूला ते नाही. मी गोल गोल फिरलो, डोळे मिटून बघितलं, वडिलांना विचारल्यासारखं मोठ्यानं बोललो सुद्धा. शेवटी झाडाखालीच खड्डा केला. का, तर तिथं छान दिसेल म्हणून. वीतभर माती, वर गवताची ढेपळं परत बसवली, झारीनं पाणी घातलं. एखादं रोप लावावं तसं लावलं मी ते खोटं.

शनिवारी डिलियासाठी खुर्ची मीच नेली टेकाडावर. सोरखानं सळई माझ्या हातात दिली. चारदोन ठिकाणी उगाच टोचलं, मान हलवली, मग झाडाखाली आलो. टण् वाजलं.

"अरे! इथं काहीतरी आहे!" मी म्हणालो. मलाच माझी शिसारी आली.

सोरखानं गुडघ्यांवर बसून हळूहळू माती बाजूला केली. भोक दिसलं तशी ती ओरडलीच. "जातं! मिसेस रूएन, जातंच आहे हो!" तिचे डोळे भरून आले होते. मोजपट्टी आणायला ती पळत गाडीकडे गेली.

डिलिया खुर्चीवरनं वाकली. मी तिला धरलं. तिनं कडेवरनं हात फिरवला आणि टवक्यापाशी थांबली.

"हाच. सासूबाई सांगायच्या, लग्नात माहेरनं आलेलं जातं, गाडीवरनं उतरवताना पडलं." मग ती दगडाशी बोलायला लागली, माझ्याशी नाही. "तुझ्या आजीचं होतं गं हे. बाबांनी तुझ्यासाठी आणलं." असं म्हणत तिनं त्या भोकात बोट घातलं, एखाद्या पोराच्या मुठीत घालावं तसं.

बोट बाहेर आलं ते काळं होऊन.

तिनं ते नाकाशी नेलं. शेतात जन्म गेलेली बाई. ग्रीस तिला कुणी सांगायला नको. पाण्यानं ग्रीस जात नाही, एवढी साधी गोष्ट मला घासताना सुचली नव्हती. तिनं मान वर केली. टेकाडावरनं माझा गोठा समोरच दिसतो. मोकळा दरवाजा, भिंतीला टेकवलेलं फाटक.

"आज सकाळी आवाज आला नाही," ती म्हणाली. "म्हटलं ऑस्टिन आजारी पडला की काय. फोन करणार होते तुला."

मी टोपी काढून हातात घेतली.

"किती वर्षं?"

"चौतीस."

"थेडी गेला, मी फाटकाशी आले, तेव्हा?"

"तेव्हाही तिथंच होता."

"आणि मी तुला म्हणायची, पोर रडतंय, तेल घाल..."  ती बोट तसंच वर धरून बसली. मी रुमाल काढला, तिनं घेतला नाही.

"माफ कर, डिलिया."

"जागा तरी खरी आहे का ही?"

इथं हो म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं, असं मला अजून वाटतं. मानायचंच होतं तिला. माझ्या जिभेवर आलं होतं ते.

"नाही," मी म्हणालो. "कुठं होता, मला आठवत नाही."

तिनं डोळे मिटले. मग विचारलं, "बाकीचे?"

"कोंडवाड्याच्या भिंतीत."

"काढ," ती म्हणाली. "आणि आज माझ्याशी काही बोलू नकोस."

सोरखा मोजपट्टी घेऊन आली, तिलाही मीच सांगितलं. तिनं वहीत लिहिलेलं खोडलं. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारपासून दिवस मावळेपर्यंत मी भिंत पाडली. लिशीनचे दगड कुठले आणि माझे कुठले, हे ओळखायला कठीण जाईल असं वाटलं होतं. मुळीच गेलं नाही. ती तळी सोडली तर एका माणसाला एका हातानं उचलता येतील असे होते ते सगळे, कारण दुसऱ्या हातात खोकं असायचं. त्रेसष्ट निघाले. बांधाच्या तोंडाशी ओळीनं मांडून ठेवले. आत नेऊन ठेवायचे तर कुठला कुठं?

रविवारी पाऊणशे माणसं आली. ज्यांच्या घरात कधी शब्द निघाला नव्हता अशी माणसं. दगडांची ओळ बघून कुजबूज सुरू झाली. डिलियाला सोरखानं गाडीतनं आणलं. ती सरळ माझ्यापाशी आली आणि काठीनं जात्याकडे दाखवलं.

"उचल."

"कुठं ठेवू?"

"ठेवायचं नाही. धरायचं. थेडीनं तिला एकट्यानं इथवर आणली होती. प्रार्थना होईस्तोवर तू धर."

उचललं. जड होतं, छातीशी घेतल्याशिवाय पेलत नव्हतं. दोन्ही हात खालून घालून उभा राहिलो सगळ्यांच्या मधे. फादर एकेका घरच्या माणसांजवळ जात होते. कुणी नाव सांगत होतं, कुणी नुसतं "मुलगा, एक्केचाळीस साल" म्हणत होतं. आमचा पॅटसी लाव्हेल, पंच्याहत्तरीचा बाप्या, सगळ्या बाजारात ज्याचा आवाज घुमतो, तो "माझा जुळा भाऊ" एवढं म्हणून रडायला लागला. दगड खाली घसरायला लागला, तो मी परत वर ओढून घेतला.

फादर माझ्यापुढं थांबले. "ऑस्टिन? हे काय?"

डिलिया समोर बघत होती. ती काही मला सोडवणार नव्हती, आणि का सोडवावं!

"हा रूएनच्या मुलीचा दगड," मी म्हणालो. मागच्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून परत म्हणालो, मोठ्यानं. "तिकडं ओळीत आहेत ते तुमचे सगळ्यांचे. अठ्ठ्याऐंशी साली मी इथनं काढले, कुरणात यंत्र सरळ चालावं म्हणून. कोंडवाड्याला लावले. डिलियानं विचारलं तेव्हा रुतले म्हणालो. ते खोटं होतं. कुणाचा कुठं होता, मला सांगता येत नाही."

पॅटसी डोळे पुसत पुढं आला.

"म्हणजे माझा भाऊ तुझ्या गुरांच्या भिंतीत होता होय रे?" पॅटसी म्हणाला. "आणि गेली तीस वर्षं माझ्या शेजारी बसून बिअर पीत होतास?"

"हो," मी म्हणालो. 

फादर डिलियाकडे वळले. "मुलीचं काही नाव...?"

"सबिना," डिलिया म्हणाली. "थेडीलाही माहीत नव्हतं. मी मनातच ठेवलं होतं."

त्यांनी ते नाव घेऊन पाणी शिंपडलं. थोडं दगडावर पडलं, थोडं माझ्या हातांवर. मग ते पुढच्या घरच्यांकडे गेले. प्रार्थना संपली, माणसं एकेक करून ओळीपाशी आली, दगडांकडे बघत उभी राहिली, कुणी वाकून हात लावला. कुठल्याला लावायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. हातांत मुंग्या येऊन गेल्या होत्या, बोटं कळत नव्हती.

डिलिया हळूहळू माझ्याजवळ आली. तिनं दगडावर हात ठेवला, कडेनं फिरवत टवक्यापर्यंत नेला.

"झालं. आता ठेव," ती म्हणाली.

"कुठं ठेवू, डिलिया? तू सांगशील तिथं ठेवतो."

तिनं सगळं टेकाड एकदा नजरेखालून घातलं, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "ती कुठं आहे हे डोळ्यांनी बघितलेला शेवटचा माणूस तू होतास."

आणि काठ्या टेकत ती गाडीकडे गेली. मी दगड धरून तिथंच उभा राहिलो.